पॉइंटमागे तीनशे

लेकीने चार दिवे पाठवले, त्याला पाच महिने झाले. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, म्हणतात ना, तसं. आमच्याकडे व्याह्याऐवजी लेकीनं धाडलं इतकंच, पण घोडं ते घोडंच. छताला चिकटून बसणारे, गोल, पांढरे दिवे. खोकी पलंगाच्या पायथ्याशी पडून होती आणि त्यांच्यावर मी घडी केलेले कपडे ठेवायला लागले होते. उचलायचे, झटकायचे, परत ठेवायचे.

दिवे लावायला माणूस बोलवायचा म्हटलं की हे उखडायचे. हे स्वतः चाळीस वर्षं वायरमन. या गल्लीतलं एक घर असं नाही जिथे यांच्या हातचा पंखा फिरत नाही. आता डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, हात थरथरतात, कपातला चहा बशीत आणि बशीतला सदऱ्यावर. स्टुलावर चढायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. तरी पालुपद एकच. "मी आहे ना अजून. रविवारी लावतो. बाहेरचा माणूस पॉइंटमागे तीनशे घेतो. एका दिव्याचे तीनशे! दोन स्क्रू मारायचे!"

असे वीस तरी रविवार गेले. आमचे हे म्हणजे कवडीचुंबक, हे मला लग्नाच्या पहिल्या महिन्यातच कळलं होतं, त्यामुळे मी डोकं फोडून घ्यायचं सोडून दिलं होतं. कंटाळा येतो हो माणसाला. भांडायचाही कंटाळा येतो.

पण स्वयंपाकघरातून बाथरूमकडे जायच्या बोळातला दिवा गेला. त्या बोळाला खिडकी नाही, भर दुपारी तिथे चाचपडत जावं लागतं. यांनी दोनदा बल्ब बदलला, होल्डरच सैल झालेला, तो काही लागेना. आणि तीन आठवड्यांपूर्वी मी उंबऱ्याला अडखळून पडले. डावं मनगट मोडलं. प्लास्टर घालताना डॉक्टर म्हणाले, "आजी, या वेळी हातावर निभावलं. पुढच्या वेळी खुबा जाईल, मग अंथरूण." आजी म्हणाले त्याचा राग आला, पण अंथरूण ऐकून राग विसरले. माझं करणार कोण? हे? चहा बशीत सांडणारे?

म्हणून शेजारणीकडून नंबर घेतला आणि यांना न विचारता वायरमनला बोलावलं.

तो अकरा वाजता आला. चाळिशीचा, खांद्यावर शिडी, पिशवी गळ्यात अडकवलेली, गुडघ्यावर पँट झिजलेली. आल्या आल्या भिंतीला टेकून उभा राहिला. "सकाळपासून तिसरं घर, काकू. आधी पाणी द्या." मला तो आवडला. दमलेल्या माणसाला दमलेला माणूस लगेच ओळखू येतो.

यांनी पेपर खाली केला. "कोणी बोलावलं?"

"मी," मी म्हटलं आणि प्लास्टरचा हात पुढे धरला.

तरी घासाघीस झालीच. वायरमनने चारही जागा बघितल्या आणि म्हणाला, "पॉइंटला तीनशे. जुना होल्डर काढणं, भोक पाडणं, सगळं त्यातच."

"दीडशे," हे म्हणाले.

"काका, दीडशेत मी शिडी खांद्यावर घेत नाही."

"अरे, मीही याच धंद्यातला. मला शिकवतोस?"

"मग तर तुम्हाला माहीतच असेल," तो म्हणाला, "शिडीवर चढायला काय लागतं ते."

मी म्हटलं, "तीनशे तर तीनशे. हाडाच्या डॉक्टरने किती घेतले ते विचारा यांना." मग हे उठले, बोळाच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले आणि एकदम वेगळ्याच आवाजात म्हणाले, "हे बघ, नुसते दिवे लावायचे. बोर्ड उघडायचे नाहीत. आणि मेन बंद करून काम कर. बटणावर विसंबायचं नाही."

"जुने लोक जपून काम करतात," वायरमन मला म्हणाला. मलाही मेला उगाच थोडा अभिमान वाटला.

त्याने मेन बंद केला, शिडी लावली, होल्डर उपटला. छताचा चुरा त्याच्या डोक्यावर पडला. अर्ध्या तासात दिवा बसला. मेन चालू केला आणि बोळ उजळला. अगंबाई! भिंतीवर कमरेच्या उंचीला आमच्या हातांचा तेलकट पट्टा होता, उंबऱ्याचा कोपरा फुटलेला होता. तिथे काय काय आहे ते मी कित्येक महिन्यांनी बघत होते. मला हायसं वाटलं. म्हटलं, वाचला माझा खुबा.

मग त्याने बटण बंद केलं.

दिवा पूर्ण विझला नाही. मंद, दुधट, मिणमिणत राहिला. त्याने बटण पुन्हा चालू केलं, बंद केलं. तेच.

"अरेच्चा," तो म्हणाला. शिडीवर चढला, खिशातून टेस्टर काढून वायरच्या जोडाला लावला. बटण बंद होतं आणि टेस्टर मात्र लख्ख पेटला. "घ्या! फेज थेट दिव्यात सोडलाय आणि बटण बसवलंय न्यूट्रलवर. सगळं उलटं." मला काही कळलं नाही हे त्याला माझ्या तोंडावरून कळलं असणार. "काकू, म्हणजे बटण बंद केलं की दिवा विझतो, पण करंट वरच राहतो. बंद आहे म्हणून हात लावायला जावं आणि झटका बसावा. जुने बल्ब गपगुमान विझतात, त्यामुळे कळत नाही. हे नवे दिवे चुगली करतात. कुठल्या गाढवाने केलंय हे?"

"आधीच्या मालकाने," मी म्हटलं. पटकन तोंडातून निघालं. आधीचा मालक कुठला! हे घर एकतीस वर्षांपूर्वी आम्ही बांधलं, आणि यातली तार न् तार यांनी ओढलेली.

"मी केलंय," हे म्हणाले.

वायरमनने जीभ चावली. "काका, चुकलो, मला काय माहीत..."

"नाही. बरोबर बोललास."

तो खाली उतरला आणि बाकीच्या खोल्यांची बटणं तपासायला निघून गेला. बरं केलं त्याने. बोळात आम्ही दोघंच राहिलो.

मला चिमटे आठवायला लागले. वर्षातून दोनदा मी घर पुसायला काढायची. बटण बंद करून, स्टुलावर चढून, फडक्याने होल्डर पुसायची, आणि दर वेळी कुठल्या ना कुठल्या खोलीत कोपरापर्यंत सणसणीत चिमटा. एकदा तर स्टुलावरून पलंगावर पडले होते. यांना सांगितलं तर म्हणायचे, "ओल्या हातानं जातेस. हात पुसत जा आधी." एकतीस वर्षं मी हात पुसतेय. पदराला पुसायची, पंच्याला पुसायची, वर फुंकर मारून वाळवायची. तरी चिमटा बसायचाच. मग मीच स्वतःला वेंधळी म्हणायची. लेकीलाही तेच शिकवलं, हात पुस गं, तुझी आई वेंधळी आहे.

"कधीपासून ठाऊक होतं?" मी विचारलं.

"पहिल्याच वर्षी लक्षात आलं." हे भिंतीकडे बघत होते. "गिऱ्हाइकांकडून उरलेले तुकडे जोडून केलं होतं सगळं. काळेच तुकडे, फेजचा लाल एक नाही. कुठलं कुठे गेलं कळलं नाही. रविवारी नीट करू म्हटलं. पण रविवारी कोणाचं तरी काम असायचंच. मग लाज वाटायला लागली. दुसऱ्या कोणी बोर्ड उघडला असता तर गल्लीभर झालं असतं. वायरमनच्याच घरात उलटा फेज."

म्हणजे पॉइंटमागे तीनशेचं हे इंगित होतं. पैशांसाठी नव्हतंच ते. मी इतकी वर्षं चारचौघांत कवडीचुंबक म्हणत होते आणि हे निमूट ऐकून घेत होते. कंजूष म्हणवून घेणं परवडलं यांना.

तेवढ्यात मला दुसरंच आठवलं. लेकीच्या घराचं वायरिंगही यांनीच केलं होतं, तिच्या लग्नानंतर, आठ दिवस तिथे राहून. तिथे दोन नाती आहेत, भिंतीभिंतीला हात लावत फिरणाऱ्या.

"आणि लेकीचं घर?"

"तिथे बरोबर आहे," हे लगेच म्हणाले. "नवी वायर आणली होती. लाल वेगळी, काळी वेगळी. दोनदा तपासलं."

मी तिथेच शिडीच्या पायरीवर बसले. देवा, पोरी सुखरूप आहेत. आणि तो जीव भांड्यात पडतो न पडतो तोच आतून काहीतरी पेटलं.

"गल्लीतली घरं?"

"सगळी बरोबर आहेत."

"म्हणजे आपलंच फक्त."

यांनी मान हलवली.

"का हो?" मी विचारलं. "माझंच का?"

हे म्हणाले, "गिऱ्हाईक बोंब मारतं गं. पैसे अडवतं, दारात येऊन उभं राहतं. तू काय, एकदा सांगायचीस आणि गप्प बसायचीस."

"मी गप्प बसत नव्हते," मी म्हटलं. "मी हात पुसत होते."

यांचे डोळे भरून आले. आले तर येऊ देत म्हटलं. इतर वेळी मी पाणी आणून दिलं असतं, पाठीवरून हात फिरवला असता. तेव्हा जागची हलले नाही.

वायरमन परत आला. चेहऱ्यावरूनच कळत होतं की बाकीच्या खोल्यांतही तेच. "काका, सगळे बोर्ड उघडावे लागतील," तो हळू आवाजात म्हणाला. "जुने तुकडे ओढून काढून नवी वायर टाकू. चार दिवस लागतील. सामान धरून सहा हजार. की सध्या या बोळापुरतंच करू? तुम्ही सांगा, काका."

हे माझ्याकडे बघायला लागले. तो मात्र यांच्याकडेच बघत होता.

"त्यांना काय विचारता, दादा?" मी म्हटलं. "गिऱ्हाईक मी आहे."