उलटण्याआधीचे घाव

मित्रांनो, मी एक जुना मारकुटा आहे. सगळे मला 'ठोकळा' म्हणतात. नव्याकोऱ्या ट्रॅक्टरांना बडवून काढण्यात माझा जन्म गेला.

भट्टीत मला वितळवले, साच्यात ओतले आणि चाचणी केंद्रात जाड साखळ्यांनी टांगले. देवाने मला ना हात दिले ना वाचा, नुसते वजन दिले. त्याच्या मनात काही असेल, असे म्हणून मी लटकत राहिलो.

उतारावर ट्रॅक्टर उलटला, की चालकाचा जीव डोक्यावरच्या लोखंडी चौकटीवर असतो. तिला मी ठोकून बघायचे. मला मागे ओढत आणि सोडून देत. धाड! आधी मागून, मग पुढून, मग कुशीत. पत्रे फाटत, सांधे किंचाळत. आसनावर भुसा भरलेला गोणपाटाचा माणूस असे. चौकट त्याला टेकली की ट्रॅक्टर नापास. तसे गुण छापले जात आणि ते वाचून लोक खरेदी ठरवत. परीक्षक बाई मला थोपटून म्हणत, "आमचा ठोकळा कुणाची भीडभाड ठेवत नाही!"

एकदा कंपनीचा मिस्त्री स्वतः जोडलेला ट्रॅक्टर घेऊन आला. सोबत त्याचा मेहुणा. त्याची सगळी जमीन उताराची. ट्रॅक्टर पास झाला की तो हाच घेणार होता.

"दाजी, टिकेल ना हो?"

"अरे, तुझ्या बहिणीची बोलणी खाऊन मी टिकलोय. माझी चौकट नाही टिकणार?"

सगळे हसले. मी मागून आदळलो. चौकट वाकली, पण उभी राहिली. पुढून आदळलो. करकरली, तरी उभीच. मंडळी चहाला गेली. ती परतल्यावर मी कुशीत घाव घातला. चौकट तशीच! मेहुण्याने टाळी वाजवली.

मिस्त्री फुशारून म्हणाला, "मघाशी तुम्ही चहाला गेलात तेव्हा मी सगळे बोल्ट परत आवळले ना! ढिला बोल्ट मला बघवतच नाही."

बाईंचे हसू मावळले. तीनही घाव संपेपर्यंत चौकटीला पाना लावायचा नाही, असा नियम होता.

"मिस्त्री, हे काय करून बसलात?"

"सवयीनं हो, बाई. लेकरू पडलं की आपण धूळ झटकतोच ना?"

मिस्त्रीबरोबर आलेले कंपनीचे साहेब मधे पडले. "एवढंसं तर आवळलंय. देऊन टाका गुण."

"साहेब, उलटणारा ट्रॅक्टर चहाला थांबतो का?"

नवी चौकट बसवली. मागून घाव. पुढून घाव. एक बोल्ट खुळखुळू लागला. मिस्त्रीचे हात शिवशिवले, पण त्याने ते पाठीमागे बांधून धरले. मग मी कुशीत शिरलो. बोल्ट गोळीसारखे सुटले. चौकट मोडून आसनावर कोसळली. गोणपाटाच्या माणसाची मान तुटली, छाती फाटली आणि भुसा भळभळा सांडत राहिला.

मेहुणा पांढराफटक पडला. "दाजी... तिथं मी बसणार होतो."

मिस्त्री खाली बसून हातांनी भुसा गोळा करू लागला. बाईंनी ट्रॅक्टर नापास केला.

काही महिन्यांनी मिस्त्री मेहुण्याला घेऊन पुन्हा आला. चौकटीची बैठक नवी, पोलाद जाड. माझ्या थंड कपाळावर तळवा टेकून तो म्हणाला, "मार बाबा. हात राखू नकोस."

मी राखला नाही. तीन घाव असे घातले, की छतावरची कबुतरे उडाली. चौकट विव्हळली, वाकली, पण उभी राहिली. तिच्याखाली गोणपाटाचा माणूस ताठ बसून होता.

"दाजी, आता घेऊ ना?" मेहुण्याने विचारले.

"मला नको विचारू," मिस्त्री डोळे पुसत म्हणाला. "बाईंना विचार."

आता माझे काम एक दाबयंत्र करते आणि मी कुंपणाशी गंजत पडलो आहे. मित्रांनो, मला रंग लावा असे मी म्हणणार नाही. पण घरातले माणूस नव्या यंत्रावर चढण्याआधी त्या यंत्राने मार खाल्ला आहे का, एवढे विचारा. देवाने दिलेला जीव गोणपाटाचा नसतो. तो सांडला, तर गोळा करता येत नाही.