याले पदर समजत नाही

अमडापूरच्या बसस्टॉपसमोर फकीर मोहम्मद यांचं गाद्या-रजयांचं दुकान होतं, आणि त्याच्या वरच्या खोलीत त्यांच्या मुलीचा, महेजबीनचा, कॉम्प्युटर क्लास. खाली कापूस पिंजला जायचा, वर कॉम्प्युटर शिकवले जायचे. जिन्यातून कापसाचा धुरळा वर यायचा आणि थेट मशीनच्या पोटात जाऊन बसायचा. महिन्यातून एकदा महेजबीन डबे उघडायची, मूठ मूठ कापूस काढायची आणि खाली नेऊन वडिलांना द्यायची. "अब्बा, ही घ्या तुमची उशी."

साल २००९. कॉम्प्युटर पाच, त्यातले चालणारे तीन, तेही वीज असली तर. रविवारी क्लासला सुट्टी असायची, पण दुपारी तिथं तीन माणसं जमायची. हे तिघं वर करतात तरी काय, हे गावात कोणालाच कळत नव्हतं, त्यामुळं गावानं त्यांना रिकामटेकडे ठरवून टाकलं होतं.

त्यातली एक स्वतः महेजबीन. दुसरा अनंत, पोस्टातला कारकून. तिसऱ्या वासंतीबाई, जिल्हा परिषदेच्या शाळेत तेहतीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. बाई खरं तर पुण्याच्या मुलाला ईमेल कसा करायचा ते शिकायला आल्या होत्या. ईमेल अजून राहिलाच होता.

सुरुवात अनंतनं केली. एका जुन्या मासिकासोबत आलेल्या सीडीत त्याला एक खेळ सापडला. चित्र नाही, आवाज नाही, काळ्या पडद्यावर नुसती इंग्रजी वाक्यं. तू गुहेत आहेस, समोर दार आहे. आपण टाइप करायचं, दार उघड. मग पडदा सांगणार, उघडलं. अनंत तीन रविवार त्या गुहेत अडकून पडला. चौथ्या रविवारी महेजबीनला राहवलं नाही.

"अनंतभाऊ, खेळूनच काऊन राह्यले? खोलून पाहू ना आत काय हाय."

तिनं प्रोग्राम उघडला. आत गुहाबिहा काही नव्हती. खोल्यांना नंबर, वस्तूंना नंबर आणि खेळाला समजणाऱ्या शब्दांची एक यादी. तीन आठवडे आपण एका यादीला घाबरत होतो, हे कळल्यावर अनंतला फार फसवल्यासारखं वाटलं.

"हे तं आपल्यालेही जमंल," महेजबीन म्हणाली.

गुहा कोणालाच नको होती. तिघांनी विषय ठरवला तो समोरचाच. मृगाच्या तोंडावर कृषी केंद्रापुढं लागणारी रांग. दरवर्षी बीटी कपाशीचं एखादं वाण अंगात आल्यासारखं चालायचं. मग दुनियेला तेच हवं असायचं आणि दुकानात नेमकं तेच नसायचं. खेळातल्या वाणाचं नाव त्यांनी ठेवलं नवलाई-७. खेळणाऱ्यानं एवढंच करायचं, की रांगेतून दुकानात शिरायचं आणि नवलाईची एक थैली घेऊन बाहेर यायचं.

त्या जुन्या प्रोग्रामात मराठी अक्षरं उमटत नव्हती, म्हणून मराठी इंग्रजी लिपीत लिहावी लागली. ते पाहून वासंतीबाईंना दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी त्या सरावल्या.

पहिल्याच चाचणीत अनंतनं टाइप केलं, 'थैली घे'. पडद्यानं उत्तर दिलं, 'थैली' हे करता येत नाही.

"च्यायला," अनंत म्हणाला. "थैली कोन करून राह्यलं बे?"

महेजबीननं तासभर प्रोग्राम वाचला. चूक कुठंच दिसेना. शेवटी वासंतीबाईंनी चष्मा पुसत विचारलं, "हा क्रियापद कुठं शोधतो?"

"पहिला शब्द घेते, बाई."

"अगं, पहिला इंग्रजीत. आपलं क्रियापद शेवटी असतं. वाक्य मागून वाचायला सांग त्याला."

महेजबीननं एक ओळ बदलली आणि खेळाला मराठी कळू लागली. बाई इतक्या खुश झाल्या, की खाली जाऊन सगळ्यांसाठी भजी घेऊन आल्या. तेहतीस वर्षांत त्यांच्या व्याकरणानं कोणाचं काम झालेलं त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं होतं.

पुढचा घोळ 'ले'नं केला. आपल्याकडं लोक 'दुकानदाराले विचार' म्हणणार, म्हणून शब्दाच्या शेवटी 'ले' आला की कापून टाकायचा, असा नियम अनंतनं बसवला. नियम झकास चालला. मात्र दुकानामागच्या गोदामाचं टाळं काही केल्या उघडेना. अनंत 'टाळे उघड' असं टाइप करायचा आणि खेळ म्हणायचा, 'टा' कुठं दिसत नाही. इंग्रजी लिपीत 'ळे' आणि 'ले' एकच. खेळ टाळ्याचं शेपूट छाटून मोकळा होत होता. यावर दोन रविवार गेले. मग महेजबीनला सुचलं, आधी अख्खा शब्द यादीत शोधायचा, सापडला नाही तरच शेपूट कापायचं. ही युक्ती तिनं एका शाळकरी वहीत लाल शाईनं लिहिली. तिघांपैकी ज्याला काही नवं कळेल त्यानं त्या वहीत लिहायचं, असं ठरलं होतं.

शिव्यांचं खातं अनंतकडं होतं. खेळणारा वैतागून काय काय टाइप करेल याचा विचार करून त्यानं चौदा शिव्या यादीत घातल्या आणि प्रत्येकीवर दुकानदाराचं वेगळं उत्तर लिहिलं. वासंतीबाईंनी ती यादी मन लावून तपासली आणि इंग्रजी लिपीतही दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केलं.

खेळातली खरी अडचण अशी. दुकानदार नुसती नवलाई देत नाही. तिच्यासोबत खताची पिशवी, टॉनिकची बाटली, फवाऱ्याचा नोझल आणि देवाचं कॅलेंडर घ्यावंच लागतं. आणि खेळणाऱ्याला एका वेळी चारच वस्तू धरता येतात. म्हणजे नवलाई पुढ्यात येते तेव्हा हात भरलेले. काही खाली ठेवलं, की दुकानदार म्हणतो, सौदा मोडला. यावर अनंतनं तेवीस पायऱ्यांचा उपाय रचला होता. किल्ली शोधायची, मागचं टाळं उघडायचं, आतून बारदाना आणायचा, त्यात सगळं भरायचं. क्लासमधल्या एकाही पोराला तो सापडला नव्हता. अनंतची छाती त्यामुळं जरा पुढं आली होती.

मे महिन्याच्या शेवटी गावात शेतकरी मेळावा भरला. तालुक्याहून येणाऱ्या साहेबांना कोणीतरी सांगितलं, की इथं कॉम्प्युटरवर शेतीचं काहीतरी चालतं. साहेब आदल्या दिवशी क्लासवर आले, उभ्या उभ्या पडदा पाहिला आणि म्हणाले, "छान. बियाणे खरेदी मार्गदर्शन म्हणून ठेवू. फक्त तो दुकानदार जरा सौम्य करा. मांडवाचा खर्च दुकानदार मंडळींनीच केलाय."

"करते, सर," महेजबीन म्हणाली. तिनं चौदांपैकी एका शिवीचं उत्तर सौम्य केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारओट्यावर मांडव उभा राहिला. जनरेटर धडधडत होता. हाराफुलांनंतर साहेबांना खुर्चीवर बसवून कीबोर्ड पुढं केला. पडद्यावर आलं, तुम्ही दुकानासमोर रांगेत उभे आहात. महेजबीन ते माइकवर मोठ्यानं वाचून दाखवत होती.

साहेबांनी हसत हसत टाइप केलं, 'मी अधिकारी आहे'.

खेळानं शिकवल्याप्रमाणं शेवटचा शब्द उचलला. महेजबीननं माइकवर वाचलं, "'आहे' हे करता येत नाही."

मांडवात मागच्या बाजूनं हसू फुटलं. साहेबांनी घाम पुसला आणि टाइप केलं, 'थैली द्या'. दुकानदार म्हणाला, "रांगेत या." साहेब रांगेत आले, तर दुकानदार जेवायला गेला. साहेबही चहाला उठले.

मग चारपाच जण आळीपाळीनं बसले आणि हात भरून तिथंच अडकले. एकानं कंटाळून नेमकी सौम्य न केलेली शिवी दिली. दुकानदारानं त्याच्या आजोबांपर्यंत उत्तर दिलं. पहिल्या रांगेतल्या खऱ्या दुकानदारांनी एकमेकांकडं पाहिलं.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं एक बाई उठून पुढं आली. डोक्यावरून पदर, हातात पाण्याची बाटली. "मले बसू दे," ती म्हणाली. ही भिमाबाई. शेजारच्या खेड्यात नवऱ्यामागं तीन एकर स्वतः करत होती. बस दुपारची होती, म्हणून सावलीला येऊन बसली होती.

"मावशी, टाइप करता येते?" महेजबीननं विचारलं.

"तू कर. मी सांगतो."

महेजबीन वाचत गेली, भिमाबाई सांगत गेली. रांगेत कोणी मध्ये घुसला, तिनं सांगितलं, "त्याले ढकल." खेळाला ढकलणं येत होतं. दुकानदारानं एकेक वस्तू पुढं केली, भिमाबाईनं निमूट घेतली. शेवटी नवलाई आली आणि महेजबीननं वाचलं, "तुमचे हात भरलेले आहेत. थैली कशी घेणार?"

"हात भरले तं काय झालं?" भिमाबाई म्हणाली. "बाकीचं पदरात घे."

महेजबीनची बोटं थांबली. मग तिनं टाइप केलं, कारण न करून सांगणार काय? पडद्यावर उत्तर आलं आणि ते तिला माइकवर वाचावंच लागलं. "'पदर' समजत नाही."

"काय?"

"पदर समजत नाही म्हणते, मावशी."

भिमाबाईनं पडद्याकडं, मग महेजबीनकडं पाहिलं. "याले पदर समजत नाई? मंग हा जेवते तरी कोनाच्या घरी?"

मांडव हसून खाली बसला. बायका तर टाळ्या देत होत्या. महेजबीनचे कान लाल झाले. कितीतरी रविवार त्या तिघांनी शब्द गोळा केले होते. टाळं, बारदाना, चौदा शिव्या. तिघांमधल्या दोघी बायका होत्या. आजच सकाळी घाईत ती स्वतः ओढणीत चार सुट्या वायरी गुंडाळून घेऊन आली होती. तिनं वासंतीबाईंकडं पाहिलं. बाई आपल्याच पदराकडं पाहत होत्या.

"थांबा, मावशी. उठू नका," महेजबीन म्हणाली. तिनं खेळ बंद केला आणि प्रोग्राम उघडला.

साहेब चहा संपवून आले होते. "चला, पुढचा कार्यक्रम घेऊ."

"थांबा ना साहेब," मागून कोणीतरी ओरडलं. "पदर बसवून राह्यली ते."

दोनशे माणसांसमोर महेजबीननं सात ओळी लिहिल्या. पदर म्हणजे एक जागा, तिच्यात पाच वस्तू मावतात आणि त्या हातात मोजायच्या नाहीत. पहिल्यांदा चालवलं तर अडलं, एक अवतरणचिन्ह राहिलं होतं. वासंतीबाईंनी ते लांबूनच दाखवलं. दुसऱ्यांदा चाललं.

भिमाबाई पुन्हा पहिल्यापासून खेळली. कॅलेंडर पदरात, बाटली पदरात, नोझल पदरात, खताची पिशवी पदरात. "पिसवी भारी हाय, पन जाऊ दे, तुहा खेळ हाय," ती म्हणाली. मग दोन्ही हातांनी नवलाई घेतली आणि दुकानाबाहेर पडली. पडद्यावर अभिनंदन आलं. तो शब्द आजवर अनंतशिवाय कोणीच पाहिला नव्हता, त्यामुळं त्यातली चूकही आजच दिसली. 'Abhinandan'ऐवजी 'Abhinadan' असं आलं होतं. बाईंनी डोळे मिटून घेतले.

बायकांनी टाळ्या वाजवल्या. पुरुषांच्या बाजूनं मात्र तक्रार आली. "आमी पदर कुठून आनावा?" एका म्हाताऱ्यानं खांद्यावरचा दुपट्टा काढून हवेत फडकावला. दुसरा धोतराचा सोगा दाखवू लागला, त्याला शेजाऱ्यांनी आवरलं. वासंतीबाई वहीत भराभर उतरवून घेत होत्या, ओटी, ओढणी, दुपट्टा, सोगा, टोपी.

सगळ्यात जास्त लागलं ते अनंतला. तेवीस पायऱ्यांचा उपाय एका बाईनं पाच वाक्यांत निकालात काढला होता. मांडव रिकामा झाल्यावर तो वायरी गुंडाळत बसला होता. तिथं साहेब परत आले. इकडंतिकडं पाहून त्यांनी हळूच विचारलं, "ते मागचं टाळं असतं ना, ते कसं उघडतं हो?" अनंतनं खुर्ची पुढं ओढली. साहेबांची जीप त्या दिवशी पाऊण तास उशिरा निघाली.

पुढच्या रविवारी दुपारी भिमाबाई जिना चढून वर आली. धाप लागली होती. तिनं कोणाला नमस्कार-चमत्कार केला नाही, सरळ खुर्चीवर बसली.

"बी घेतलं. आता वावर कुठं हाय?"

खेळ दुकानाच्या दारातच संपत होता.

"वावर नाही केलं, मावशी," महेजबीन म्हणाली.

"मंग बी घेऊन काय भाजी करावं? आन् थैलीत ते लहान पुडी असते साध्या सरकीची, ते कुठी गेली?"

बीटीच्या प्रत्येक थैलीत साध्या कपाशीची एक लहान पुडी येते. ती वावराच्या कडेनं लावायची असते. बहुतेक जण धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, फेकून देतात. हे त्या तिघांनाही माहीत होतं, पण खेळात घालायचं कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

"तुमी लावता काय ते?" अनंतनं विचारलं.

"लावतो ना. किड्यालेही काही खायाले पाह्यजे का नाई?"

महेजबीननं कोरा कागद घेऊन त्यावर चौकोन काढला. "सांगा, मावशी. आत आलं की आधी काय दिसते?"

भिमाबाईनं कागद आपल्याकडं ओढला आणि फिरवून ठेवला. "आधी तं हा असा नाई. अमडापूरहून आलं का धुरा उजव्या हाताच्या अंगाले येते. त्याच्यावर बोर. बोराचे काटे लागतात, ते लिहून घे. आन् त्याच्या पलीकडं मव्हा दीर बसेल असते, त्याले काही इचारू नका, तो दिवसभर बोलते."

"तो खेळात घ्यायचा?" वासंतीबाईंनी विचारलं.

"घ्या ना," भिमाबाई म्हणाली. "पन त्याले बंद कराचं बटन ठेवा."