दुकानातली गर्दी
ताईनं चष्म्याच्या दुकानातली नोकरी सोडली तेव्हा कुणीच तिला वेड्यात काढलं नाही, आणि तिला खरी धास्ती वाटली ती त्याचीच. सगळे नातेवाईक एका सुरात "कर, कर" म्हणायला लागले की समजावं, कुणालाच नीट कळलेलं नाही.

डोक्यातली गोष्ट मात्र साधी होती. इतकी वर्षं काउंटरमागं उभं राहून तिनं एक पाहिलं होतं. चष्मा घेतलेला माणूस पुन्हा दुकानात येतो तो किरकोळ गोष्टींसाठी. कधी गळ्यात अडकवायची दोरी, कधी डबी, कधी वाचताना पुस्तकाला लावायचा चिमुकला दिवा. मालक असला माल ठेवत नसत. ताईनं तो ऑनलाइन विकायचं ठरवलं, आणि तेही घरात माल न भरता. गिऱ्हाइकानं तिच्या साइटवर ऑर्डर द्यायची, तिनं ती घाऊक व्यापाऱ्याकडे पाठवायची, आणि त्यानं परस्पर गिऱ्हाइकाच्या दारात वस्तू पोचवायची.

"म्हणजे माल त्याचा, गोदाम त्याचं, गाडी त्याची," अण्णा म्हणाले. "मग तुझं काय?"

"नाव आणि डोकेदुखी," ताई म्हणाली.

अण्णा म्हणजे तिचे वडील. आई गेल्यापासून घरात दोघंच. नाटकगृहाच्या तिकीट खिडकीत बसून अण्णांनी उभा जन्म काढला होता, त्यामुळे धंद्यातलं आपल्याला कळतं अशी त्यांची ठाम समजूत होती.

माल भरायचा नाही म्हणजे भांडवल लागत नाही, हा ताईचा भ्रम पहिल्याच आठवड्यात उतरला. साइटचं नाव विकत घ्या, साइटचं दरमहा भाडं भरा, गिऱ्हाइकाचे पैसे ऑनलाइन स्वीकारणाऱ्या कंपनीला तिचा वाटा द्या. मग प्रत्येक वस्तूचा नमुना मागवा, कारण न पाहिलेली वस्तू विकायला तिचं मन धजेना. बरं झालं मागवला. एका व्यापाऱ्याच्या दोरीचा आकडा हातातच तुटला आणि तो व्यापारी यादीतून गेला. फोटोवाल्यानं दिव्याचे फोटो असे काही काढले की जणू दागिनाच, आणि बिलही दागिन्याचंच लावलं. प्रत्येक खर्च चिल्लर वाटायचा आणि सगळे मिळून गळा धरायचे.

उरलेले पैसे तिनं जाहिरातीला राखून ठेवले. फोनवर कुणी 'चष्म्याची दोरी' शोधली की वरतीच तिचं दुकान दिसणार, आणि त्यावर कुणी बोट ठेवलं की तिच्या खात्यातून पैसे कापले जाणार. महिनाभर पुरतील असा तिचा हिशेब होता. दुकानमालकांनीही चांगुलपणानं तिची जागा तेवढे दिवस मोकळी ठेवली होती. जाहिरातीचे पैसे संपेपर्यंत ऑर्डर आली नाही, तर मुकाट्यानं काउंटरवर परत जायचं, असं तिनं स्वतःला बजावलं होतं.

दुकान उघडलं आणि गर्दी लोटली. पहिल्याच दिवशी एवढी माणसं येऊन गेली की ताई खुर्चीत बसेना. दुसऱ्या दिवशी त्याहून जास्त. ऑर्डर मात्र एक नाही. माणसं यायची, क्षणभर थांबायची आणि निघून जायची. ताईनं किमती उतरवल्या, फोटो बदलले, दोरीचं वर्णन पुन्हा लिहिलं. घोडं कुठे पेंड खातंय ते काही कळेना. महिन्याचे पैसे आठवड्यातच तळाला गेले. एवढ्या लोकांनी पाहून नको म्हटलेली वस्तू कोण घेणार? तिनं मालकांना कळवलं, एक तारखेला बहुतेक येतेय, शनिवारी नक्की सांगते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी आत्याचा फोन आला. अण्णांना कमी ऐकू येतं म्हणून ते फोन नेहमी मोठ्या आवाजावर ठेवतात.

"माझी आजची हजेरी झाली बरं का," आत्या म्हणाली. "सुनेच्या फोनवरूनही दोनदा दाबलं."

ताईनं कप खाली ठेवला. कसली हजेरी, तिनं विचारलं. अण्णा कौतुकाची वाट पाहत असल्यासारखे खुलले. त्यांनी सगळ्या गोतावळ्याचा एक ग्रुप काढला होता. सकाळ-संध्याकाळ प्रत्येकानं दोरी शोधायची, ताईचं दुकान दिसलं की त्यावर बोट ठेवायचं, आत डोकावायचं आणि बाहेर पडायचं. चुलते, मावश्या, भाचे, त्यांच्या ऑफिसातले मित्र, सगळे नेमानं हजेरी लावत होते.

"नवं नाटक लागलं की पहिल्या खेळाला आम्ही घरचीच माणसं फुकट बसवायचो," अण्णा म्हणाले. "रिकाम्या खुर्च्या दिसल्या की लोक परत फिरतात गं."

"अण्णा, इथं प्रत्येक खुर्चीचं तिकीट मी भरतेय."

अण्णांना कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा त्यांचा चेहरा पार उतरला. ताई उठून आत गेली आणि दार लावून घेतलं. तिला भयंकर राग आला होता. ज्यांनी तिला बुडवलं त्यांच्यापैकी एकाचंही वाईट चिंतता येत नव्हतं, याचा तर आणखी राग आला.

रागातच तिनं साइट उघडली आणि कोण कुठल्या गावाहून येऊन गेलं ते पाहिलं. आत्याचं गाव, मावशीचं गाव, भाच्याच्या ऑफिसचं शहर. घरची माणसं वजा केली तर हाताच्या बोटांवर मोजण्याएवढीच उरत होती. ताई बघतच राहिली. तिची दोरी कुणी नाकारली नव्हती. कुणी पाहिलीच नव्हती. कित्येक दिवसांत पहिल्यांदा तिला पोटभर श्वास घेता आला.

बाहेर आली तर अण्णा दातांच्या कवळीसाठी ठेवलेले पैसे घेऊन उभे. तिनं ते परत कपाटात ठेवायला लावले. जाहिरातीत अजून दोन-तीन दिवसांचे पैसे आहेत, ते तेवढे आपल्या माणसांपासून वाचवा, एवढंच ती म्हणाली. अण्णांनी लगेच ग्रुपवर लिहिलं, दुकानाकडे कुणी फिरकू नका. त्यावर दुकान बुडालं का म्हणून विचारणारे एवढे फोन आले की दुपारभर ते समजावत बसले.

गर्दी ओसरली. दिवसभरात सहा माणसं आली. ताईला त्या सहांचं इतकं अप्रूप वाटलं की प्रत्येकजण किती वेळ थांबला ते ती अण्णांना सांगत राहिली. दुसऱ्या दिवशी पाच आली. शनिवारी दुपारी, जाहिरातीचे पैसे संपायला आले असताना, ताईच्या फोनवर ऑर्डरची सूचना वाजली. एक दोरी आणि एक दिवा, पैसे भरलेले.

ताईचा विश्वासच बसेना. "आत्याच असणार," ती म्हणाली. "तिला राहवलं नसेल."

अण्णांनी ऑर्डरवरचं नाव-गाव कागदावर उतरवून घेतलं आणि फोन घेऊन बसले. आत्यापासून सुरुवात करून त्यांनी एकूणएक घर पालथं घातलं. या नावाचं कुणी माहीत आहे का, तिकडे कुणाची सोयरीक, कुणाचा मित्र, कुणाचा भाडेकरू? ताई समोर बसून नखं खात होती. शेवटचा फोन ठेवून अण्णांनी चष्मा काढला आणि डोळे पुसले.

"चांगली खात्री करून घेतली," ते म्हणाले. "आपलं कोणीच नाही."

एवढं गोड वाक्य ताईनं आजवर ऐकलं नव्हतं. तिला रडू आलं आणि ते तिनं लपवलं नाही. मग नाक पुसून तिनं आधी ऑर्डर घाऊक व्यापाऱ्याकडे पाठवली, त्याचे पैसे भरले, आणि दुकानमालकांना फोन लावून सांगितलं, की काउंटरवर दुसरं कुणीतरी बघा.