आजोबांची कवळी

बोलायला मदत करणं हेच माझं काम, पण आजवर जे बोलले ते सगळं आजोबांचं होतं. आज पहिल्यांदाच माझं स्वतःचं बोलतेय. मी त्यांची कवळी. खिडकीतल्या काचेच्या वाटीत, पाण्यात पडून असते.

दातांच्या डॉक्टरांनी आजोबांच्या हिरड्यांचा साचा घेऊन मला घडवलं. मला बसवून घरी येताच आजोबा म्हणाले, "अगं बघ, तुझा नवरा पुन्हा तरुण झाला!"

"दात तेवढे तरुण झालेत," आजी म्हणाली. "बाकीच्याचं काय करायचं?"

हत्तीचे खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे, म्हणतात. आजोबांनी दोन्ही कामं माझ्याकडूनच करून घेतली. भाजलेलं कणीस मात्र माझ्या आवाक्यातलं नव्हतं. ते हट्टाने चावायला जायचे, मी निसटायचे आणि अख्खं घर पोट धरून हसायचं. गाईला वरचे पुढचे दात नसतात. म्हणून आजोबा गोठ्यात जाऊन मला तिच्यापुढे धरायचे नि म्हणायचे, "घालून बघतेस का?"

धाकटी नात मुंगी त्यांचा जीव की प्राण. सुट्टीत ती शहरातून आली की आजोबा मला खिशात लपवून, गाल आत ओढून दार उघडायचे. "कोन हवंय?" बोबडं विचारायचे. "आमच्या आजोबांना बोलवा!" ती ओरडायची. मग पाठ फिरवून मला तोंडात बसवायचे आणि "आलो, आलो!" म्हणत तिला उचलून घ्यायचे.

सुट्टी संपली की गाडी वळणाआड जाईपर्यंत ते हसत हात हलवायचे. मग मुकाट्याने घरात येऊन मला वाटीत ठेवायचे. "आता कुणाला दाखवायचेत दात?" एवढंच म्हणायचे. दोन-दोन दिवस मग ते पेजेवरच काढायचे. त्यांचा तो एकटेपणा माझ्याएवढा कुणी पाहिला नाही.

शेवटच्या आजारात दवाखान्यातल्या नर्सने मला काढून सुनेच्या हातात दिलं. तिने रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवलं. आजोबा घरी आले ते डोळे मिटूनच. त्या रडारडीत माझी आठवण कुणाला राहणार? आजोबांना ठेवलं होतं त्याच खोलीत पर्स खुंटीला अडकवलेली होती. मला सगळं ऐकू येत होतं.

"ये बाळा, आजोबांना बघून घे," मुंगीचे बाबा म्हणाले.

आणि मुंगी चक्क हसली. "हे नाही काही! आमच्या आजोबांना बोलवा ना!"

कुणालाच काही उमगेना. आजीने मात्र हंबरडा फोडला. मला वाटलं, जिवाच्या आकांताने ओरडावं, अरे, मी इथे आहे! पण त्यांच्या तोंडावाचून मला कुठला आवाज? आजोबांना तसंच नेलं.

नंतर पर्स उघडली तेव्हा आजीने मला ओढूनच घेतलं. तेव्हापासून रोज सकाळी ती माझं पाणी बदलते.

या सुट्टीत मुंगी आली. गोठा, माळा, पलंगाखाली, सगळीकडे शोधून झालं. "अजून लपलेतच?" म्हणत ती खिडकीशी आली आणि मला बघून थबकली.

"आजी, आजोबांनी दात घरीच ठेवले?"

"राहून गेले गं."

तिने वाटीच्या काचेवर बोट टेकवलं. "म्हणजे ते येणारच नाहीत?"

आजीने मान हलवली. मग ती पोर जी रडली, ती आजीच्या कुशीत झोप लागेपर्यंत.

ती परत गेली. घर पुन्हा गप्प झालं. आजोबांची काठी शेजारी वापरतात, छत्री मुलाने नेली. मी मात्र एकाच माणसाच्या मापाची. दुसऱ्या कुणाच्या तोंडात मी हसू शकत नाही.

म्हणून आजी, एकच मागणं आहे. उद्या पाणी बदलू नकोस. मला गोठ्यामागच्या मऊ मातीत पुरून टाक. माझा माणूस मला न घेताच गेला, तू तरी मला जाऊ दे.