बाप्तिस्म्याच्या दिवशी

कुलूपवाल्याला नात झाली ती सगळ्यांनी आशा सोडल्यावर. मुलगा त्याच्याच दुकानात चाव्या कापायचा, सून रुग्णालयाच्या धुलाईघरात कामाला होती. बाळ घरी आलं आणि म्हाताऱ्याचे पाय जमिनीवर ठरेनात. गिऱ्हाईक आलं की आधी नातीचं कौतुक, मग कुलूप. "जगातल्या कुलपांना किल्ल्या करता," बायको म्हणायची, "तुमच्या तोंडाला लावायला एक कुलूप नाही मिळत?"

बाप्तिस्म्याच्या दिवशी पाळकांनी बाळाच्या कपाळावर पाणी घातलं. ती रडली नाही, टकामका बघत राहिली. आभाराची प्रार्थना झाली. म्हाताऱ्याने नातीला मागून घेतलं आणि पहिल्या बाकावर जाऊन बसला. मंडळी गीत गायला उभी राहिली तरी तो उठला नाही. मांडीवर बाळ झोपलंय, म्हणून बसला असेल, असं सगळ्यांना वाटलं.

गीत संपल्यावर सून वाकली. "द्या बाबा, हात अवघडले असतील."

हात सुटेनात. तिने एकेक बोट सोडवलं. बोटं अजून उबदार होती, पण त्यांच्यात कोणी नव्हतं.

गायकांमधली एक नर्स धावत आली. तिने मानेवर बोटं ठेवली, छाती दाबून पाहिली, बराच वेळ पाहिली. मग सुनेकडे बघून मान हलवली.

पाळकांनी आशीर्वादासाठी वर केलेला हात तसाच राहिला. शेजारच्या खोलीत केक कापून ठेवला होता, चहा ओतला होता. तिथे उभ्या असलेल्यांना हातातली बशी खाली ठेवावी की धरून ठेवावी, तेही कळेना. सून बाळाला घेऊन उभीच होती. कोणीतरी "बस गं" म्हणालं, तेव्हा ती बसली.

मुलगा पाळकांसमोर जाऊन उभा राहिला. "इतकी वर्षं देवाकडे मूल मागत होतो. एका हाताने दिलं आणि दुसऱ्या हाताने लगेच काढून घेतलं. असं का?"

"मला माहीत नाही," पाळक म्हणाले.

म्हातारी नवऱ्याला टेकून बसली होती. "मघाशी आभार मानले ना आपण?" ती मुलाला म्हणाली. "ते मागे घ्यायचे नाहीत. ते खरे होते. आता मी रडणार आहे, तेही खरं आहे. मला दोन्ही करू दे."

दुसऱ्या दिवशी त्याच चर्चमध्ये अंत्यविधी झाला. बाप्तिस्म्याची फुलं काढायला कोणाचा हात धजला नव्हता. मुलगा गीताला उभा राहिला नाही, प्रार्थनेला डोळे मिटले नाहीत. पाळक शास्त्र वाचत असताना मागच्या बाकावरच्या कोणीतरी भोंगा वाजावा तसं नाक शिंकरलं. आईच्या खांद्यावरून बाळाने ते ऐकलं आणि ते खळखळून हसलं.

आयुष्यातलं पहिलं हसू. वाचन थांबलं. सगळ्या माना वळल्या. सुनेचे कान तापले, ती बाहेर जायला उठली. सासूने तिचा हात धरला.

"बस. हसू दे तिला."

बाळ पुन्हा हसलं. मुलाचे खांदे हलू लागले. तो हसतोय की रडतोय, ते शेजारी बसलेल्या बायकोलाही सांगता येईना. पाळकांनी पुढचं वचन वाचलं, त्यांचा आवाज मात्र ठिकाणावर नव्हता. शेवटच्या गीताला मुलगा उभा राहिला आणि चुकीच्या सुरात गायला.

दफनभूमीवरून परतताना त्याने पाळकांना गाठलं. "माती देताना माझ्या कानात तिचं हसणंच होतं. हे वाईट आहे का?"

"माझ्याही कानात तेच होतं," पाळक म्हणाले.

घरी आल्यावर सुनेने बाळाला पाजलं. कालपासून तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. सगळं दुसऱ्याच कोणाच्या घरी घडतंय, असं तिला वाटत होतं. बाळ पिऊन झोपलं आणि तिला एकदम हुंदका फुटला. सासूने बाळाला तिच्या मांडीवरून उचलून घेतलं, म्हणजे तिला मोकळेपणी रडता येईल.