नियमात मावशी नाही

तेरेखोलच्या खाडीच्या अल्याड भारत होता, आणि पल्याड, होडीवाल्या बाबलीची एक विडी ओढून व्हायच्या आत, पोर्तुगाल लागत असे. खाडीला मात्र हे कुणी कळवलेलं नसावं. भरती आली की ती दोन्ही देशांत शिरे, ओहोटीला दोन्ही देशांचा गाळ घेऊन जाई. कुर्ल्या तर परवान्यावाचून ये-जा करत आणि दोन्हीकडच्या शिपायांच्या कालवणात सारख्याच चवीच्या लागत.

अल्याडच्या काठावर विमलाचं सासर. पल्याड तिची थोरली बहीण यशोदा दिलेली. दिली तेव्हा सरहद्द नावापुरती होती. एक भाकरी तव्यावरून उतरवून विमला बहिणीकडे जाते आणि दुसरी करपायच्या आत परत येते, असं सासूबाई काशीबाई चारचौघींत सांगत, आणि त्यात कौतुक कमी, टोमणा जास्त असे. मग सरकारांचं आपसात बिनसलं आणि वाट बंद झाली. यशोदा तापाने गेली तेव्हा विमला धक्क्यावर उभी राहून पलीकडचा धूर बघत होती. तेवढं बघायला परवाना लागत नव्हता.

यशोदाचा नवरा त्याआधीच बोटीवर चढून आफ्रिकेकडे गेला होता, तो गेलाच. उरली चार वर्षांची शेवंती आणि डोळ्यांनी अधू झालेली तिची आजी. साठ सालचा पावसाळा सरता सरता बाबलीने निरोप आणला.

"म्हातारेक आता चूलसुद्दा दिसना नाय. तिकडचो सरकार चेडवाक पणजेच्या अनाथालयात घालूचो म्हणता."

"मगे तूच हाड तिका," विमला म्हणाली. "घड्याळां हाडतस, ब्लेडां हाडतस, बाटले हाडतस..."

"हळू बोल गो!" पलीकडून चोरून माल आणणाऱ्या बाबलीने चहूकडे पाहिलं. "घड्याळ रडना नाय. पोर रडता. आणि हाडलंय तरी शाळेत तेचो गाव खंयचो सांगशीत? एक दीस शिपाय येतलो नि उचलून परत धाडतलो."

म्हणून विमला सरळ मार्गाने गेली. सरळ मार्ग सावंतवाडीच्या एका कचेरीतून जात होता. तिथे सत्यवान नावाचा कारकून होता. घरी तोही मालवणीच बोलत असणार, पण टेबलामागे बसला की त्याला पुण्याची भाषा येई. विमला मांडीवर तान्ह्या गुरुदासाला घेऊन समोर बसली आणि तिने सगळं सांगितलं. सत्यवानाने नियमांचं पुस्तक काढलं.

"म्हणजे परदेशी अज्ञान बालक," तो म्हणाला.

"अज्ञान नाही हो, दहापर्यंत मोजते."

"सरहद्दीपलीकडचं बालक खाजगी घरात ठेवता येत नाही. मान्यताप्राप्त निवासी संस्थेत ठेवता येतं. त्याला दोन्ही सरकारांची संमती, बालक का आणायचं त्याचं कारण आणि देखभाल कशी होणार त्याचा अहवाल लागतो."

"पण मी तिची मावशी आहे."

सत्यवानाने एक पान पुढे उलटलं, एक मागे उलटलं. "नियमात मावशी नाही."

"माय मरो नि मावशी उरो म्हणतात, भाऊसाहेब."

"म्हणतात. राजपत्रात छापलेलं नाही."

जवळची संस्था रत्नागिरीला होती आणि तिथे जागा नव्हती. गुरुदास सरकारी टेबलावर लाळ गाळत होता. ती पदराने पुसता पुसता विमलाने विचारलं, "संस्था म्हणजे नक्की काय असतं?"

सत्यवानाने वाचून दाखवलं. स्वतःची नसलेली मुलं एका छपराखाली राहतात. त्यांना वेळेवर जेवण, निजायला जागा, शाळा. देखरेखीला एक लिहितीवाचती बाई. दाराशी पाटी आणि घंटा.

विमला ऐकत गेली तसतसा तिचा चेहरा बदलत गेला. तिच्या घरात थोरल्या दिराची मुलं होती, मधल्या दिराची होती, नणंदेचा बाळा होता. मुंबईच्या खोलीत बाप्ये पाळीपाळीने निजत, तिथे पोरं कुठे मावणार? दर मे महिन्यात कुणीतरी येई, जाताना आंब्यांची पेटी आठवणीने नेई आणि बरोबर आणलेलं एखादं पोर विसरून जाई. तिचा नवरा दत्ताराम स्वतः मुंबईत होता. तोही दर वेळी "पुढल्या वर्साक बगूया" म्हणून जाई. लग्न होऊन आल्यापासून विमला या सगळ्यांना पेज वाढत आली होती, आणि या कामाला नाव असतं हे तिला आज कळत होतं.

"भाऊसाहेब," ती म्हणाली, "माझ्याकडे फक्त पाटी आणि घंटा नाही."

काशीबाईंनी आधी घर डोक्यावर घेतलं. "माज्या घराचो अनाथाश्रम करतस? पोरांचे बापूस जिते आसत गो!"

"जिते आसत, पण खंय आसत?"

हे काशीबाईंना नाकारता आलं नाही. जिते बापूस पत्रातून नमस्कार पाठवत, तेवढंच. शिवाय संस्थेला अध्यक्ष लागतो आणि त्या तुम्ही, असं विमलाने सांगितल्यावर त्यांनी अनाथाश्रमाचा राग गिळला आणि त्या नावाच्या वादात उतरल्या. फुटक्या होडीच्या फळीवर गावच्या मास्तरांकडून, ग्रामदेवीच्या नावाने, 'श्री सातेरी बालगृह' लिहून घेतलं. मेलेल्या बैलाची घंटा माडाला बांधली. पोरांना बजावलं की उद्यापासून काकी नाही, मामी नाही, 'बाई' म्हणायचं.

रत्नागिरीचे साहेब तपासणीला आले, मागून सत्यवान दौत सांभाळत. साहेबांनी चटया बघितल्या, विहीर बघितली आणि नणंदेच्या बाळाला पुढे बोलावलं.

"तुझे आईवडील कुठे असतात?"

"ममयत."

"मग तू इथे का?"

"हंय जागा आसा," बाळा म्हणाला. साहेबांनी 'बालक समाधानी' असं लिहून घेतलं. मग सोलकढीची दुसरी वाटी संपवून म्हणाले, "शेवटचा प्रश्न. देखरेखीच्या बाईचं येणाऱ्या बालकाशी नातं असता कामा नये. पक्षपात होतो. उद्या नातं निघालं तर बालक आल्या वाटेने परत जाईल. आमचे लोक न कळवता येतात. आहे काही नातं?"

दारातून खाडी दिसत होती. पलीकडच्या माडांत आज धूरही नव्हता. विमलाने गुरुदासाला या कडेवरून त्या कडेवर घेतलं.

"नाही," ती म्हणाली.

सत्यवानाला तेवढ्यात दौतीत काहीतरी पडल्यासारखं वाटलं. तो बराच वेळ दौतीतच बघत राहिला.

मग संमतीचा कागद निघाला. तो मुंबईला गेला, दिल्लीला गेला. दोन सरकारं एकमेकांशी बोलत नसल्यामुळे तिसऱ्याच कुठल्यातरी देशाच्या वकिलातीत पाहुणचार घेऊन लिस्बनला गेला, तिथून समुद्र ओलांडून पणजीला आला आणि अखेर विमलाच्या धक्क्यासमोर, पलीकडच्या काठावर पोचला. तोवर आंबे पिकून गेले होते. अनाथालयाची मंडळी दोनदा येऊन म्हातारीच्या रडण्यामुळे परत गेली होती.

शेवंती भरदिवसा आली, बाबलीच्या होडीतून, पुढे एक शिपाई, मागे एक शिपाई. एवढा बंदोबस्त बाबलीच्या घड्याळांना आयुष्यात कधी मिळाला नव्हता. धक्क्यावर सत्यवान कागद घेऊन उभा. काशीबाई ताटलीत भाकरतुकडा नि पाणी घेऊन आल्या आणि पोरीवरून ओवाळू लागल्या.

"ह्या कित्या?" सत्यवान चुकून मालवणीत बोलला. "नातेवाइकांचं असतं ना हे?"

"संस्थेत येणाऱ्या हरएक पोराक ओवाळतंव," अध्यक्षांनी सुनावलं. "आमचो नियम आसा. तुमकाच काय नियम करूक येतत?"

शेवंती या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघत होती. नाक यशोदाचं, हनुवटीही यशोदाची. "आजयेन सांगल्यान, मावशी येतली," ती म्हणाली. "माजी मावशी खंय आसा?"

दोन शिपाई, एक कारकून. जेमतेम पाच वर्षांचं पोर, विचारील त्याला खरं सांगणारं.

"येतली हां," विमला म्हणाली. "मी बाई."

पुढे पावसाळा गेला, दिवाळी गेली. विमला शेवंतीला इतरांइतकीच पेज वाढी, शीत जास्त नाही. केस विंचरायचे ते सगळ्या पोरींचे विंचरून झाल्यावर. मांडीवर बसायचा हक्क एकट्या गुरुदासाचा होता. शेवंती समोर बसून ते बघत असे आणि अधूनमधून विचारी, "बाई, मावशी कदी येतली?" आणि विमला चुलीत फुंकर घालायला वळे. चूल चांगली पेटलेली असे.

मग डिसेंबरात सैन्य आलं आणि दोन दिवसांत पोर्तुगाल खाडीपलीकडून थेट युरोपात निघून गेला. बाबलीचा धंदा बसला. आणि शिमग्याच्या सुमारास एसटीतून उतरून, घाम पुसत, सत्यवान पुन्हा दारात आला.

"बालक आता परदेशी राहिलेलं नाही," त्याने वाचलं. "सबब संस्थेतला प्रवेश रद्द. बालक नातेवाइकाकडे सोपवावं. नातेवाईक नसल्यास रत्नागिरीला पाठवावं." त्याने कागद खाली केला. "नातेवाईक कोण आसा?"

विमलाने हात पदराला पुसले. "मावशी," ती म्हणाली. "नियमात आहे का आता?"

"देशातल्या देशात मावशी चालते. मी बघून इलंय." तो घुटमळला. "पण तेव्हा नातं नाही म्हणून सांगितलं होतं."

"तवां मदी सरहद्द होती, भाऊसाहेब."

सत्यवानाने मान हलवली, जणू हे कलम त्याला आधीपासून पाठ होतं. "हंय सही करा, सोपवणार. आणि हंय, ताब्यात घेणार. सोपवणाऱ्याने घेणाऱ्याची ओळख पटवून घ्यावी, असाय लिवलेला आसा. पटली?"

"बाई बरी आसा," विमला म्हणाली. "वळखतंय मी तिका."

तिने दोन्ही सह्या केल्या आणि शेवंतीला हाक मारली. "शेवंती, मावशी इली गो!"

पोरगी आली ती तशीच बाहेर धावली, थेट धक्क्यापर्यंत. धापा टाकत परत आली. "थंय कोण नाय!"

"हंय बग."

शेवंतीने तिला नखशिखांत पाहिलं. "तू बाई."

"मावशीच होतंय. पयल्यापासून."

"मगे सांगूक नाय कित्या?"

विमला खाली बसली, तसा गुरुदास तिच्या मांडीवर चढला. आतून काशीबाई ओरडल्या, "नियम होतो, बाये! सरकाराचो!"

"आता नाय?"

"आता नाय."

शेवंतीने थोडा विचार केला. मग विमलाच्या मांडीवरून गुरुदासाला दोन्ही हातांनी ढकलून खाली उतरवलं आणि त्या जागी स्वतः बसली. गुरुदासाने भोकाड पसरलं. विमलाने त्याला उचललं नाही.

पक्षपात होतो, असं साहेब म्हणाले होते, ते काही खोटं नव्हतं.