मेरीमातेचे सात पडदे

पिएत्राल्बाचे बिशप ओताव्हियो यांनी दहा वर्षांपूर्वी मेरीमातेच्या तसबिरीवरचे सातही पडदे ओढून काढले होते. "आईनं लेकरांपासून तोंड लपवायचं, हा कुठला धर्म?" वर्षातून एकदा, सगळ्या घंटा वाजवून पडदे सरकवायचे आणि त्या दर्शनासाठी पाद्र्यांनी गरिबांकडून कोंबड्या उकळायच्या, हे त्यांना बघवेना. गावानं त्यांच्या खिडक्या फोडल्या. ज्यांच्या कोंबड्या वाचल्या, त्यांनीच आधी दगड उचलले!

आता क्रांती आली. फ्रेंच कप्तानानं तीस शिपायांनिशी चौकात स्वातंत्र्याचा खांब रोवला आणि निरोप धाडला: उद्या देवळातली चांदी नेणार. जमीनदार पळाले म्हणून बिशपना मनातून गुदगुल्याच होत होत्या. पण तसबिरीवरचा मातेचा चांदीचा मुकुट कुठल्या राजानं दिलेला नव्हता. गावच्या बायांनी आपली कर्णफुलं वितळवून तो केला होता. तो नेणारा चोरच, मग त्याची टोपी कुठल्याही रंगाची असो.

"नुन्झियाता, ते पडदे जाळलेस ना?" त्यांनी स्वयंपाकिणीला विचारलं.

"जाळायला मी काय येडी? सहा पेटीत आहेत, एक स्वयंपाकघराच्या खिडकीला."

"आण सगळे."

"त्यापायी दहा वर्षं दगड खाल्ले, महाराज, आणि आता—"

"तोंड बंद. शिडी धर."

सकाळी कप्तान आला. "नागरिक बिशप! पडदे तर तुम्हीच काढले होते ना?"

"काढले होते. काल टांगले. सरकवा की खुशाल. फक्त पडदा हलला की घंटा वाजणार. वर माणूस बसलाय. अवेळी घंटा झाली की डोंगरावरची तीन हजार माणसं कोयते नि दाताळी घेऊन खाली येतात. माझं म्हणाल, तर मला ते दगडच मारतात. मी कसा थांबवू?"

कप्तानानं पडदा हुंगला. "कांद्याचा वास येतोय."

"जुनी श्रद्धा आहे."

कप्तानानं मनात आपले तीस मोजले, दोन समया उचलल्या नि चालता झाला. तिसऱ्या दिवशी फ्रेंच फौजच गाव सोडून पुढे गेली.

पडदे बघायला गाव देवळात लोटलं. "बिशपबाबा सुधारले!" बाया हाताचे मुके घेत होत्या. दहा वर्षांत पहिल्यांदाच. बिशपना बरं वाटलं. खोटं कशाला बोला?

"राहू द्या ना पडदे," नुन्झियाता कुजबुजली. "दोन घास तरी सुखानं खाल."

रविवारी भरल्या देवळात बिशप स्वतः शिडीवर चढले आणि सातही पडदे खाली ओढले. "मुकुट वाचला. आता आईचं तोंड बघा."

दुपारी पहिला दगड स्वयंपाकघरात आला.

"आणा इकडे तो कांद्याचा," नुन्झियाता काचा झाडत म्हणाली. "खिडकीला परत काहीतरी लावायला हवंच."